गवत वाळण्याआधी

फेब्रुवारी सरत आला की बदलापुरात, मांजर्लीच्या गच्च्यांवरून, चंदेरी-टावळीच्या डोंगरांवर रात्री कधीकधी लाल रेघ दिसते. लांबून ती देखणीच वाटते. तो वणवा असतो.

आपल्याकडचा वणवा बहुधा झाडांच्या शेंड्यांवरून नाही, जमिनीवरून पळतो. पावसाळ्यात कमरेइतकं वाढलेलं गवत दिवाळीनंतर वाळतं, त्यावर सागाचा पाचोळा पडतो. मग एखादी विडी किंवा शेतातल्या राबाची उडालेली ठिणगी पुरते. चढावर ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवतात, म्हणून आग वर धावते. तिथे पाणी कोण नेणार?

उपाय जुनाच आहे, जाळरेषा. वाटांच्या आणि हद्दीच्या कडेने गवताचा पट्टा कापायचा आणि वारा पडलेला असताना, माणसं उभी करून, तो आपणच जाळायचा. पुढे वणवा तिथवर आला की त्याला खायला काही उरत नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या, सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या आणि शहराने वेढलेल्या जंगलालाही हीच रेषा लागते. आणि ती दरवर्षी नव्याने, कारण पावसात गवत पुन्हा येतं.

गवताची मुळं जमिनीत सुरक्षित राहतात. जुलैत लावलेलं रोप मात्र जळून जातं. दर वणव्याला डोंगर झाडांकडून गवताकडे सरकतो. वृक्षारोपणाला फोटोपुरती गर्दी जमते, डिसेंबरात विळा घेऊन कुणी फिरकत नाही. रोपाभोवतीचं हातभर गवत तेव्हा काढलं, तर त्याला पुढचा पावसाळा दिसण्याची आशा असते.