मान खाली गेली म्हणून माणूस खोटा ठरत नाही

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत रोकड दोनशे रुपयांनी कमी भरली. साहेबांनी शिपायाला बोलावले. तो खाली मान घालून उभा राहिला, बोलताना अडखळला. 'नजर चुकवतोय, म्हणजे यानेच घेतले', असे सारे म्हणाले. आम्हीही गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी व्हाउचर पुन्हा जुळवली, तेव्हा एकाची नोंद करायची राहून गेल्याचे दिसले. चूक आमच्याच हातची होती!

चेहऱ्यावरून खोटे ओळखता येते, हा समज जगभर आहे. पण अनुभव काय सांगतो? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन व मॉरीन ओ'सुलिव्हन यांनी १९९१ मध्ये ५०९ जणांची परीक्षा प्रसिद्ध केली. त्यांत पोलीस, न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ, लाय डिटेक्टर चालवणारे आणि विद्यार्थीही होते. दहा स्त्रियांची चित्रफीत दाखवून कोण खरे बोलते ते विचारले. नाणे उडवून उत्तर दिले तरी शंभरात पन्नास बरोबर येणारच. बहुतेक सारे गट त्याच्याच आसपास राहिले. फक्त राष्ट्राध्यक्षांचे रक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसचे लोक ६४ टक्क्यांपर्यंत गेले. 'मला बरोबर कळते' अशी ज्यांना खात्री होती, ते काही जास्त बरोबर निघाले नाहीत.

२००६ मध्ये अशा दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. सरासरी निघाली ५४ टक्के. रोज गुन्हेगारांशी गाठ पडणारे लोकही त्यात विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत.

हे आपण का लक्षात ठेवावे? कारण संशय आधी गरिबावर येतो, आणि गरीब माणूस साहेबापुढे घाबरतो. भीती आणि खोटेपणा वरून सारखेच दिसतात. लाय डिटेक्टरचे यंत्रही नाडी, श्वास, घाम एवढेच मोजते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात स्पष्ट सांगितले, की संमतीशिवाय कोणावरही ही किंवा नार्को चाचणी लादता येणार नाही. हा हक्क घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा.

आम्ही त्या शिपाईदादांची माफी मागितली. ते एवढेच म्हणाले, "भाऊसाहेब, मोठ्यांसमोर मान वर करायला आम्हाला कुणी शिकवलंच नाही."

म्हणून माता-पित्यांना विनंती, मुलाने मान खाली घातली की हात उगारू नका. त्याला जवळ बसवा, विचारा, खात्री करा. आणि मान वर करून खरे बोलायला शिकवा.