साखरेचा आलेख: चढ खरा की अक्षाच्या मर्यादांमुळे दिसणारा?

मधुमेहाचे अनेक रुग्ण ग्लुकोमीटरच्या नोंदी आता संगणकावर ठेवतात आणि घरातले कोणीतरी त्यांचा आलेख काढून देते. त्यातली चढती रेघ पाहून काही जण घाबरतात आणि स्वतःच औषध वाढवतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड असे वाढवल्यास साखर धोकादायकरीत्या कमी होऊ शकते. म्हणून आलेखाचा उभा अक्ष कुठून कुठपर्यंत आहे, ते आधी पाहा.

रेघ इतकी चढी का दिसते?

समजा, आठवडाभरातील उपाशीपोटीची साखर 106 ते 118 मिग्रॅ/डीएल आहे. पायथॉन भाषेतील मॅटप्लॉटलिबला मर्यादा सांगितली नाही, तर ते सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त नोंदीच्या पलीकडे फक्त 5 टक्के जागा सोडते. त्यामुळे अक्ष साधारण 105 ते 119 एवढाच राहतो आणि 12 अंकांचा फरक डोंगरासारखा दिसतो.

प्रत्यक्षात मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणापूर्वीचे लक्ष्य 80 ते 130 असते. म्हणजे या सर्व नोंदी लक्ष्यातच आहेत. शिवाय ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 च्या पुढील नोंदीत 15 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. हा चढ यंत्राच्या फरकातही बसू शकतो.

मर्यादा कशा ठरवाव्यात?

अक्ष त्या आठवड्याच्या आकड्यांवरून नव्हे, तर वैद्यकीय अर्थावरून ठरवा. घरच्या नोंदींसाठी 0 ते 350 सोयीचे पडते. मॅटप्लॉटलिबमध्ये ‘सेट_वायलिम’ या सूचनेत हे दोन आकडे द्या. एक्सेलमध्ये अक्षावर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट अ‍ॅक्सिस’मध्ये मिनिमम आणि मॅक्झिमम भरा. 70 आणि 180 वर आडव्या रेषा काढा. दर महिन्याला त्याच मर्यादा ठेवा, तरच तुलना करता येते.

या चुका टाळा

- मर्यादा फार आवळणे: अक्ष 70 ते 200 ठेवला, तर 58 ही नोंद आलेखात दिसणारच नाही. लगेच लक्ष द्यावे अशी नोंद नेमकी तीच असते. 350 च्या वर नोंद असल्यास वरची मर्यादा वाढवा.
- नोंदी गळणे: आर भाषेतील जीजीप्लॉट2 मध्ये ‘वायलिम’ वापरल्यास मर्यादेबाहेरच्या नोंदी वगळूनच सरासरीची रेघ काढली जाते. त्याऐवजी ‘कोऑर्ड_कार्टेशियन’ वापरा.
- सगळीकडे शून्यापासून सुरुवात: तापाचा तक्ता 0 अंश फॅरेनहाइटपासून काढला, तर 98.6 आणि 103 मधला फरक जेमतेम दिसेल.

डॉक्टरांकडे जाताना

आलेखासोबत तारीख, वेळ आणि मूळ आकडे न्या. 70 च्या खाली गेलेली प्रत्येक नोंद वेगळी दाखवा. केवळ रेघ पाहून औषधाचा डोस बदलू नका.