प्रगतिपुस्तक कसे वाचावे? सहावी ते आठवीचा अभ्यासक्रम आणि श्रेणीपद्धती

समोर बहुतेक पालक बसलेले दिसतात, थोडे आजी-आजोबाही आहेत. आजचा विषय घरातला आहे. मुलगा किंवा मुलगी सहावीत गेली, वर्षअखेरीला हातात प्रगतिपुस्तक आले, त्यात 'ब-१', 'अ-२' असे काहीतरी लिहिलेले आहे. याचा अर्थ काय लावायचा? आपल्या वेळी सोपे होते. शंभरापैकी बासष्ट म्हणजे बासष्ट, आणि पस्तिसाच्या खाली लाल शाई. आता ती लाल शाई गेली, पण तिच्या जागी काय आले ते आपल्याला कुणी नीट समजावून सांगितले नाही. आज तेवढेच करू. मी बोलतो आहे ते राज्य मंडळाच्या, म्हणजे बालभारतीची पुस्तके चालतात त्या शाळांबद्दल. सीबीएसईची पद्धत वेगळी आहे.

आधी अभ्यासक्रम

पाचवीपर्यंत मूल 'परिसर अभ्यास' शिकते. सहावीत हा परिसर फुटतो आणि त्याचे तीन विषय होतात: सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र, आणि भूगोल. शिवाय मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण हेही विषयच आहेत बरं का, त्यांनाही श्रेणी असते.

पण विषयांची संख्या वाढली ही मुख्य गोष्ट नव्हे. विचार करण्याची रीत बदलते, ही मुख्य गोष्ट आहे. इतिहासाचेच बघा. सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुगीन, आठवीत आधुनिक. आणि या तिन्ही पुस्तकांत अगदी सुरुवातीलाच 'इतिहासाची साधने' हा धडा येतो. नाणी, ताम्रपट, बखरी, वृत्तपत्रे. हा धडा तीनदा का ठेवला असेल? चौथीच्या मुलाला आपण सांगतो, 'असे घडले'. सहावीच्या मुलाने विचारायचे असते, 'हे आपल्याला कशावरून कळले?'

आमच्या शास्त्रात याला प्रमाणविचार म्हणतात. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. लहान मूल बरेचसे शब्दप्रमाणावर चालते: बाई म्हणाल्या, पुस्तकात आहे. सहावी ते आठवी या तीन वर्षांत त्याला अनुमानाकडे न्यायचे असते. गणितातही तेच. सहावीत ऋण संख्या येतात. तीन आंबे दाखवता येतात, उणे तीन आंबे कुणी दाखवावेत? सातवीत अक्षरे घेऊन बैजिक राशी येतात, आठवीत अवयव पाडायचे असतात. नागरिकशास्त्रात सहावीला ग्रामपंचायत, नगरपालिका, सातवीला संविधान, आठवीला संसद आणि न्यायव्यवस्था. म्हणजे डोळ्यांना दिसते तिथून सुरुवात आणि न दिसणाऱ्याकडे प्रवास. पाचवीपर्यंत हुशार असलेले मूल सहावीत अडखळते ते पुष्कळदा इथे. त्याचे पाठांतर कमी पडलेले नसते, पाठांतराची उपयुक्तता कमी झालेली असते.

आता श्रेणी

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यात मुलाच्या आकलनाचे सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन करावे असे म्हटले आहे. त्याला धरून महाराष्ट्राने २०१० मध्ये पद्धत आखली. तिचे दोन भाग आहेत, हे दोन शब्द लक्षात ठेवा: आकारिक आणि संकलित.

संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. थोडे तोंडी किंवा प्रात्यक्षिक, बाकी लेखी. आकारिक म्हणजे वर्षभर चाललेली पाहणी. त्यासाठी शिक्षकांना आठ साधने दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, वर्गकार्य-स्वाध्याय, आणि इतर. पाचवी-सहावीला आकारिक ५० आणि संकलित ५०. सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांना मात्र सगळे आकारिकच.

दोन्हींची बेरीज करून श्रेणी लावतात. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड. त्याखाली इ-१ आणि इ-२. इ श्रेणी मिळालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निदान ड पर्यंत आणायचे, ही शाळेची जबाबदारी. हे वाक्य पालकांनी विसरू नये. 'इ' हा मुलावरचा ठपका नव्हे, ती शाळेला दिलेली सूचना आहे.

एकच श्रेणी, दोन मुले

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. सातवीतली दोन मुले, विषय विज्ञान. पहिल्याला आकारिकमध्ये ४० पैकी ३६, संकलितमध्ये ६० पैकी ३०. बेरीज ६६. दुसऱ्याला आकारिकमध्ये २०, संकलितमध्ये ४६. बेरीज ६६. दोघांना ब-२. प्रगतिपुस्तकावर दोघे जुळे भाऊ!

प्रत्यक्षात काय आहे? पहिला मुलगा वर्गात बोलतो, प्रयोग करतो, पण कागदावर उत्तर मांडताना अडतो. त्याला लिहिण्याचा सराव हवा. दुसरा परीक्षेपुरता अभ्यास करतो, वर्षभर वर्गात असून नसल्यासारखा. किंवा कदाचित लाजाळू असेल, हात वर करायची भीती वाटत असेल. दोघांचे औषध वेगळे. म्हणून माझे पहिले सांगणे असे: श्रेणीवर थांबू नका, आकारिक आणि संकलित हे दोन आकडे वेगवेगळे विचारा. शिक्षकांकडे नोंद असते.

दुसरी गोष्ट. ७१ आणि ८० एकाच श्रेणीत बसतात, आणि ८० व ८१ वेगळ्या श्रेणीत. ज्यांच्यात नऊ गुणांचे अंतर ते एकसारखे, ज्यांच्यात एका गुणाचे ते वेगळे! म्हणजे पद्धत चुकीची असे मी म्हणत नाही. कुठेही रेघ मारली की असेच होते. पण त्या रेघेवरून घरात रडारड होऊ नये, एवढेच.

आणि तिसरी. प्रगतिपुस्तकात खाली शब्दांत नोंदी असतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, सुधारणा आवश्यक. सगळ्यात कमी वाचला जाणारा भाग तोच. काही ठिकाणी तिथे सगळ्या वर्गाला एकच वाक्य लिहिलेले असते, हेही खरे. मग शिक्षकांना नम्रपणे विचारा, 'सर, हिच्याबद्दल तुम्हाला खास काय दिसले?' विचारणारा पालक असला की नोंद जपून लिहिली जाते.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, नापास करतच नाहीत, तर मूल अभ्यास कशाला करील?*

दोन उत्तरे देतो. पहिले कायद्याचे. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात कमी पडले तर जादा मार्गदर्शन आणि निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा. तिथेही जमले नाही तर त्याच वर्गात बसावे लागते. शाळेतून मात्र काढता येत नाही. तेव्हा 'आठवीपर्यंत काळजीच नाही' हे आता खरे राहिलेले नाही.

दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे. नापासाच्या भीतीने केलेला अभ्यास भीती संपली की संपतो. पण भीती काढली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही, तर पोकळी राहते. खरे नुकसान नववीत दिसते. आठवीपर्यंत ब-१ मिळवणारे मूल नववीत बीजगणितात बुडते, आणि आईवडील म्हणतात, अचानक काय झाले? अचानक काही होत नाही. सहावीतला अपूर्णांक कच्चा होता. आकारिक गुणांनी तो झाकला, कुणी उघडून पाहिला नाही.

*प्रकल्पाला घरून मदत करायचीच नाही का?*

करा की! सामान आणून द्या, प्रश्न विचारा, पसारा सहन करा. पण थर्माकोलचा ज्वालामुखी बाबांनी केला आणि आईने रंगवला, तर गुण कुणाला मिळाले? आणि दुकानातून तयार आणला तर दुकानदाराला. त्यात पुरावाच खोटा होतो, मग त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा कसा असेल? मुलाने केलेला वाकडातिकडा तक्ता शिक्षकांना काहीतरी खरे सांगतो. सुबक तक्ता फक्त तुमच्या हौसेबद्दल सांगतो.

*शेजारच्या मुलीला अ-१, आमच्याला ब-१. क्लास लावू का?*

ताई, आधी त्या ब-१ च्या आत काय आहे ते पाहा. आकारिकमध्ये कमी आहे की संकलितमध्ये? संकलितमध्ये असेल तर तपासलेली उत्तरपत्रिका मागून घ्या आणि मुलाशेजारी बसून चुका पाहा. प्रश्नच समजला नाही, पद्धत चुकली, की वेळ पुरला नाही? तीन वेगळे रोग आहेत. शेजारच्या मुलीच्या श्रेणीत तुमच्या मुलाबद्दल एका अक्षराचीही माहिती नाही.

'परीक्षा' या शब्दात 'परि' म्हणजे सभोवार आणि 'ईक्ष' म्हणजे पाहणे. चहूबाजूंनी पाहणे, असा त्याचा मूळ अर्थ. शाळेने ते करायचे आहेच. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा तीन प्रश्न लिहून न्या: दोन्ही भागांचे गुण वेगवेगळे किती, कोणता घटक कच्चा राहिला, आणि वर्गात तो किंवा ती स्वतःहून काय विचारते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांना लगेच देता आले, तर समजा तुमच्या मुलाकडे कुणीतरी नीट पाहत आहे.