शेटजींची दाढी आणि फाळक्यांचं रीळ

आमचं साखरखेर्डा गाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते १७२४च्या लढाईमुळे. निजामाने इथे मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनची पुढची सव्वादोनशे वर्षं ठरून गेली. गावाला मात्र स्वतःची ओळख सांगायची झाली, तर ते प्रल्हाद महाराजांचं आणि पळसिद्ध मठाचं नाव आधी घेतं. कीर्तन-भजनात मुरलेल्या अशा मुलुखात राहून मला नाद लागला तो मूकपटांचा, त्यातही विनोदी मूकपटांचा. चॅप्लिन, कीटन, लॉरेल-हार्डी यांच्यावरचं जिथे जे मिळेल ते वाचत-पाहत गेलो. मग प्रश्न पडला : आपल्या पडद्यावरचं पहिलं हसू कुठे आहे? आणि ते आज बघायला मिळतं का?

१९१३, कोरोनेशन थिएटर, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच फाळक्यांनी पौराणिक चित्रांच्या जोडीला छोट्या गमतीही केल्या, हे मात्र चार ओळींत उरकलं जातं. ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर ‘पिठाचे पंजे’ नावाचा छोटा विनोदी पट दाखवला गेला. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचल्या. फाळके जादूचे प्रयोग करत. स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतलं होतं आणि केळफाच्या जादूचाही पट काढला. म्हणजे भारतीय चित्रपटाचा हा जनक गंभीर पुराणिक जेवढा होता, तेवढाच हौशी गमत्याही होता.

पण या छोट्या पटांना प्रतिष्ठा नव्हती. मुख्य चित्राच्या आधी-नंतर दाखवायची ती तोंडी लावणी. देवाधर्माचं रीळ कुणीतरी आस्थेने ठेवलं. गमतीचं रीळ कोण सांभाळणार? भारतात मूकपटांच्या काळात हजाराहून जास्त चित्रपट निघाले आणि आज हाताशी आहेत ते मोजके, त्यातले बरेच अर्धेमुर्धे. उरलेल्यांत विनोद शोधायचा तर तो विनोदी पटांतच मिळतो असं नाही. मला तो सापडला १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये.

हा चित्रपट आज आपण पाहू शकतो तो पी. के. नायर यांच्यामुळे. पुण्यात १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि नायरांनी रिळांमागे आयुष्य घातलं. नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून त्यांनी रिळं मिळवली. हाती आलेले तुकडे फाळक्यांच्याच टिपणांच्या आधाराने त्यांनी क्रमाने लावले. सांधेजोड करणाऱ्या या माणसाला मी फाळक्यांच्या खालोखाल मानतो. ४ मार्च २०१६ रोजी ते पुण्यातच गेले. त्यांच्यावर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी ‘सेल्युलॉइड मॅन’ केला, म्हणून निदान त्यांचा चेहरा तरी लोकांना माहीत झाला.

‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली आहे फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला तिचा चेहरा जवळून दिसतो आणि त्यावरून एकामागून एक भाव सरकत जातात. पुढे एक बाई कृष्णाच्या सवंगड्यांतल्या एकीवर पाणी उडवते, मग पोरं तिच्या घरचं लोणी पळवून उट्टं काढतात. आणि मग येतो माझा लाडका प्रसंग. रात्रीची वेळ. शेट आणि त्याची बायको गाढ झोपलेली. बाळकृष्ण आत शिरतो, शेटची दाढी हातात घेतो आणि शेटाणीच्या केसांना तिची गाठ मारतो. पुढे काय होणार ते बघणाऱ्याला आधीच कळतं आणि खरी मजा त्या वाट पाहण्यात आहे. आधी तयारी दाखवायची, प्रेक्षकाला कटात सामील करून घ्यायचं आणि मग बार उडवायचा. पडद्यावरच्या विनोदाची ही सगळी रीत त्या प्रसंगात आहे.

जुन्या विनोदी पटांच्या चाहत्यांत इथे वाद होतो. असलं काही दिसलं की ते हमखास पाश्चात्त्य पटांचा वास काढतात. फाळक्यांनी परदेशी पट पाहिले होते, तंत्र तिकडून आणलं होतं, हे खरंच. पण दाढीची ही गाठ मला तिकडची वाटत नाही. काल्याच्या कीर्तनात बुवा पेंद्याचं सोंग उभं करतात, गौळणींच्या तक्रारी आवाज बदलून सांगतात आणि टाळकरीसुद्धा हसू आवरू शकत नाहीत. तमाशातल्या गौळणीत मावशी आणि पेंद्या हेच काम करतात. देवाने खोड्या काढाव्यात आणि भक्ताने पोटभर हसावं, यात आपल्याला कधी विपरीत वाटलं नाही. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांच्या घरात वाढलेल्या फाळक्यांना हे शिकायला परदेशी जावं लागलं नसणार. आणि रिळाच्या दैवातली मौजही हीच : हा विनोद कृष्णाच्या चित्रात होता म्हणून वाचला. देवाने त्याला पाठीशी घातलं.

बोलपटांच्या पहिल्या दहा वर्षांत विनोदाला स्वतःचं घर मिळालं. गडकऱ्यांच्या लेखनावरून विश्राम बेडेकरांनी १९३५मध्ये ‘ठकीचे लग्न’ केला. १९३८मध्ये अत्र्यांची लेखणी आणि मास्टर विनायकांचं दिग्दर्शन यांतून ‘ब्रह्मचारी’ आला. चिं. वि. जोशींचा चिमणराव १९४०च्या ‘लग्न पहावे करून’मध्ये पडद्यावर उतरला, दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांचा तिरळा डोळा हे त्यांचं भांडवल म्हणतात, पण त्यांचं खरं भांडवल म्हणजे संवादाआधीची ती क्षणभराची थांबणी. ती मूकपटातल्या माणसाला साजेल अशी होती.

या साऱ्या रिळांवर दोन संकटं आली. पहिलं चांदीचं. फिल्मवर चांदीचा अंश असतो. ती काढून घ्यायला रिळं विकली गेली. ‘आलम आरा’चं असंच झाल्याचं नायर सांगत. दुसरं आगीचं. जुनी नायट्रेट फिल्म भलतीच ज्वालाग्राही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि ६०७ चित्रपटांची ५,०९७ रिळं गेली. सरकारी अहवालातला हा आकडा वाचताना आजही हात थबकतो.

तरी हरवलेलं सापडतं. लॉरेल-हार्डीच्या १९२७च्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’चं दुसरं रीळ पूर्ण रूपात उरलेलं नाही असं मानत होते. त्यात एकमेकांवर ‘पाय’ (pie) फेकण्याची ती प्रसिद्ध मारामारी आहे. २०१५मध्ये ते एका संग्राहकाच्या साठ्यात मिळालं. ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ ही त्यांच्या चाहत्यांची मंडळी साठच्या दशकापासून गावोगाव शाखा काढून हेच वेड जोपासते आहे. दामुअण्णांच्या नावाने आपल्याकडे अशी एकही मंडळी का नसावी?

त्याला पैसा फारसा लागत नाही, डोळा लागतो. तंबू सिनेमा जत्रांतून फिरला तो आपल्याच भागातून. जुन्या चित्रपटांच्या गाण्यांची चार पानी पुस्तकं, हँडबिलं, सोळा मिलिमीटरची रिळं माळ्यावर असू शकतात. व्हिनेगरचा वास येणारा डबा सापडला तर ते अॅसिटेट फिल्म कुजू लागल्याचं लक्षण. चिकट झालेली किंवा तपकिरी भुकटी सुटणारी फिल्म नायट्रेटची असू शकते. ती उन्हात, चुलीजवळ ठेवू नये, प्रोजेक्टरवर चढवून बघण्याचा मोह तर मुळीच करू नये. डब्यावरची चिठ्ठी फाडू नये, तुकडा लहान म्हणून टाकू नये आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवावं. ‘कालिया मर्दन’ही तुकड्यातुकड्यांनीच आला होता. भंगारवाला किलोवर जे नेईल, त्यात मराठी माणसाच्या हसण्याचा एखादा अख्खा प्रसंग असू शकतो. आणि तो ओळखायला त्या वेळी घरात कुणीतरी जाणता लागतो.