निळ्या बाईच्या हातातले दिवे

सातारा-सांगलीकडच्या माणसाला मलिदा समजावून सांगावा लागत नाही. पिराचा उरूस असो की मोहरम, चपाती कुस्करून गूळ-तूप कालवलेला तो मऊ गोळा तळहातावर पडला की घ्यायचा आणि खायचा. कडेगावच्या उंच ताबुतांच्या भेटींना लोटणाऱ्या गर्दीत कोण कुठल्या धर्माचं, हे कुणी मोजत बसत नाही. म्हणूनच अलिबाग-पेणकडच्या बेने इस्रायली ज्यूंच्या घरीही मलिदाच करतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या ओळीवरच थांबलो. त्यांचा मलिदा पोह्यांचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, सुका मेवा आणि ताटात भोवतीनं फळं. तो एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावानं. लग्नघरी, नवस फेडताना हे ताट मांडतात आणि हिब्रू प्रार्थना म्हणतात.

चित्रकार सियोना बेंजामिन यांची चित्रं पाहताना हे ताट मला सारखं आठवतं. ज्यूंची पवित्र प्रतीकं घेऊन त्या खेळ करतात, असं कुणाला वाटू शकेल. पण मराठी ज्यूंच्या घरात धर्माची वस्तू कधी परकी राहिलीच नाही. इथल्या हातांनी ती इथली करून घेतली.

या समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. घाण्यावर तेल गाळायचं आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. गावावरून आडनावं पडली : दिवेकर, पेणकर, किहीमकर, आष्टमकर. सणांची नावं तर पाहावीत. वर्षारंभाचा ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या दिवशी दारं लावून बसायचं म्हणून ‘दारफाळणीचा सण’, दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक पाळायचा तो ‘बिरड्याचा सण’. एवढ्या मोठ्या दुःखाला वालाच्या बिरड्याचं नाव देणारी भाषा आपली आहे, याचा मला अभिमान वाटतो.

हनुक्का या तेला-दिव्यांच्या सणाचा दिवाही तसाच. युरोपातल्या ज्यू घरात तो बहुधा पितळेचा नाही तर चांदीचा. बेने इस्रायली घरात भिंतीला एक चौकट टांगायची, पुष्कळदा षट्कोनी चांदणीच्या आकाराची. तिला कड्या, आणि एकेका कडीत काचेचा छोटा पेला. पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल तेल, तेलात वात. आठ दिवे आठ रात्रींचे आणि नववा शम्माश, म्हणजे सेवेकरी, बाकीचे त्याच्यावरून लावायचे. काचेतून पाणी आणि तेल यांच्यामधली सोनेरी रेघ दिसते. तेल्याच्या घरात तेलाचा सण असाच साजरा व्हायचा.

कागदावरही हेच झालं. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची हगादा ही पोथी १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगडं नेसून जमिनीवर बसल्या आहेत. १८८० मध्ये मुंबईत याच समाजानं कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं आणि बायबलमधली आख्यानं हरिदासी थाटात रंगू लागली.

सियोना बेंजामिन अशाच एका बेने इस्रायली घरातल्या. जन्म १९६०चा, मुंबईतला. शिक्षण कॉन्व्हेंटात आणि पारशी शाळेत, पुढं जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. मग अमेरिकेत चित्रकलेची आणि नाटकाच्या नेपथ्याची अशा दोन पदव्युत्तर पदव्या. ‘फाइंडिंग होम’ या त्यांच्या मालिकेतल्या बायका निळ्या कातडीच्या आहेत. तो निळा कृष्ण-कालीचा, तसाच आभाळाचा आणि समुद्राचाही, म्हणजे कुठल्याच एका देशाचा नव्हे. २००० सालच्या ‘टिक्कुन हा-ओलाम’ या चित्रात अशी एक बाई उभी आहे. तिला देवीसारखे अनेक हात, आणि हातांची मांडणी मेनोरा या दीपवृक्षाच्या फांद्यांसारखी. शीर्षकाचा अर्थ जगाची डागडुजी. भिंतीवरची ती पेल्यांची चौकटच इथं उठून नाचायला लागली आहे, असं मला वाटतं. दुसऱ्या एका चित्रातली, ज्यू दंतकथेतली लिलिथ थेट कॉमिकमधून उतरल्यासारखी, तोंडाशी बोलण्याचा फुगा घेऊन येते. २०११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात येऊन त्यांनी बेने इस्रायली माणसांचे चेहरे टिपले, आणि त्या छायाचित्रांतून चित्रं उभी केली. तोवर या समाजातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला जाऊन स्थिरावली होती. तिथंही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी चालवलं.

बेंजामिन यांच्या चित्रांची मुळं पाहायला न्यूयॉर्क गाठायची गरज नाही. साताऱ्याजवळ औंधला जावं. यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये उघडलेल्या भवानी संग्रहालयात लघुचित्रं आहेत. तोच सपाट रंग, तीच बारीक किनार, एका चौकटीत मावलेली सगळी कथा. ते उभारणारे औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रामायण चितारत. याच संस्थानात मॉरिस फ्रीडमन राहिले, हे इथंच सांगायला हवं. वॉर्सात ज्यू घरात जन्मलेला हा इंजिनिअर भारतानंद झाला, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगात रमला आणि सूत कातायला त्यानं धनुष तकली घडवली. त्या काळात सूत कातणं ही प्रार्थनाच होती. तिचं साधन हातात घेऊन बदलायला त्याला संकोच वाटला नाही, आणि गांधीजींनीही ती तकली आपलीशी केली.

बेंजामिन यांनी एस्तेरची गुंडाळीही चितारली आहे. पुरीम या सणाला वाचायची ही कथा : इराणच्या राजाची ज्यू राणी, आणि तिच्या लोकांच्या जिवावर उठलेला प्रधान हामान. या हिब्रू ग्रंथात देवाचं नाव एकदाही येत नाही, आणि राणीही आपलं कूळ लपवूनच महालात राहते. कूळ लपवून जगणाऱ्या बाईची ही गोष्ट देशोदेशी घर शोधणाऱ्या चित्रकर्तीनं हाती घ्यावी, हे अगदी स्वाभाविक आहे. खेळ म्हणाल तर तो विधीतच आहे. वाचन चालू असताना हामानचं नाव आलं की पोरांनी खुळखुळे फिरवायचे, पाय आपटायचे, ते नाव कानावर पडूच द्यायचं नाही. कोकणातल्या शनिवार तेल्यांनी या दिवसाचं नाव फार पूर्वीच ठेवून दिलंय : होळीचा सण. म्हणजे हामानच्या नावानं शिमगा!