दुबईचं सोनं, गावातले रुपये

मंडळी, मागच्या वेळी कायदा आणि नीती यांविषयी बोललो, तेव्हा एकाने विचारलं होतं, "सर, कुणाचंच नुकसान होत नसेल तर गुन्हा कसला?" महाडात बसून याचं उत्तर शोधायचं तर लांब जायला नको. आपल्याच किनाऱ्यावरची सोन्याची तस्करी घेऊ.

जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. अर्थमंत्री मोरारजी देसाई. नवा दागिना 14 कॅरटपेक्षा शुद्ध घडवायचा नाही! मी तेव्हा पोलादपुरात शाळेत होतो. आमच्या आळीतले सोनारकाका भट्टी विझवून नुसते ओटीवर बसलेले असत. चौदाचं सोनं गिऱ्हाइकाला सोनं वाटेना, आणि गिऱ्हाईक काही मूर्ख नव्हतं. ती अट 1966 मध्ये गेली, पण 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 पर्यंत टिकला. या काळात लग्नं थोडीच थांबली? आयात बंद, मागणी तीच, म्हणून इथला भाव बाहेरच्यापेक्षा चढा. तो फरक म्हणजे तस्कराची कमाई.

आता पैसा कसा फिरायचा ते नीट बघा. आपल्याकडची कितीतरी माणसं आखातात नोकरीला गेली. समजा, त्यातल्या एकाने दुबईत कुणाच्या तरी हातात दिरहम दिले. काही दिवसांत गावी त्याच्या आईला रुपये मिळाले. हा हवाला. दिरहम समुद्र ओलांडतच नाहीत. तिथेच त्यांचं सोनं होतं, सोनं लाँचमधून किनाऱ्याला लागतं, मुंबईत विकलं जातं, आणि त्या रुपयांतून आणखी कुणाच्या आईला पैसे पोचतात. आईला पैसे मिळाले, मुलीला मंगळसूत्र, सोनाराला काम. मग बुडालं कोण?

ज्याला चेहरा नाही तो. ते दिरहम रिझर्व्ह बँकेकडे आले असते तर त्यातून तेल, खतं, यंत्रं घेता आली असती. आखातात तर पूर्वी आपलाच रुपया चालायचा. सोन्याच्या बदल्यात तिकडे गेलेल्या नोटा परकीय चलन मागत परत येऊ लागल्या, तेव्हा 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढाव्या लागल्या. इतकी ती गळती मोठी होती.

आणि दुसरं नुकसान. 1990 मध्ये कायदा गेला, 1992 मध्ये परदेशातून येणाऱ्यांना शुल्क भरून सोनं आणायची मुभा मिळाली. पण वाट, लाँच, हप्ते सगळं जागेवरच होतं. 1993 च्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघी आणि शेखाडीला त्याच पद्धतीने शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. 12 मार्चला मुंबईत 257 माणसं गेली. कस्टम आणि पोलिसांतल्या काहींना पुढे टाडा न्यायालयाने शिक्षा दिल्या. पैसे घेऊन तोंड फिरवणाऱ्याने पोत्यात काय आहे हे विचारायची सवय केव्हाच सोडलेली असते.

म्हणून विचारणाऱ्याला माझं उत्तर असं: त्या आईला मी गुन्हेगार म्हणणार नाही. तिच्या गरजेवर वाट बांधणाऱ्याला म्हणेन, आणि भावातली दरी वाढवणाऱ्या धोरणालाही जबाबदार धरेन. सोन्यावरचं एकूण आयात शुल्क 2022 मध्ये 15 टक्क्यांवर नेलं होतं, जुलै 2024 मध्ये ते 6 वर आणलं. मला हे आणणं पटतं. ज्यांना पटत नाही, त्यांनी आता हात वर करावेत, आपण बोलू.