जिभेखालची गोळी

मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयातलं ओएसटी केंद्र, म्हणजे गर्दसारख्या नशेच्या जागी औषध देणारं केंद्र. सकाळचे ९ वाजलेत. खिडकीपुढे रांग लागली आहे. हमाल, टॅक्सीवाले, पाठीला ऑफिसची बॅग लावलेला एक तरुण. गोळी घेऊन सगळ्यांनाच कामावर पळायचंय.

"आ करा," म्हणत सिस्टर ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीची पूड एकेकाच्या जिभेखाली घालतात. "गिळू नका, बोलू नका." पोटात गेलं तर औषधाचा बराचसा गुण वाया जातो. म्हणून पूड विरघळेपर्यंत बाकावर बसायचं. सिस्टर पुन्हा तोंड बघतात, मगच सुट्टी.

आत डॉक्टरांपुढे चाळिशीचा एक वेल्डर बायकोसह बसलाय. गर्द ओढता ओढता सुईवर गेलेला. इथे ८ मिलिग्रॅमवर स्थिरावला, मग हळूहळू उतरत २ वर आला. गेल्या आठवड्यात मात्रा १.६ केली आणि त्रास सुरू झाला. झोप नाही, सारख्या जांभया, डोळ्यांना पाणी, अंगावर काटा.

"परत २ करू," डॉक्टर सांगतात.

त्याची मान खाली जाते. "म्हणजे मागे आलो, साहेब."

"कामावर जाता ना? बाहेरचं काही घेतलं नाही ना? मग मागे कुठे आलात?"

बायकोला राहवत नाही. "पण ही गोळी सुटणार कधी? एक नशा जाऊन दुसरी लागली, असं सासूबाई म्हणतात."

डॉक्टर पेन खाली ठेवतात. "गर्दचा अंमल काही तासांत उतरतो. मग टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, मग पैशांसाठी पळापळ. ही गोळी दिवसभर पुरते. मेंदूतल्या त्याच जागा धरून ठेवते, तलफ शमवते, आणि ठरल्या मात्रेत माणूस शुद्धीत राहून काम करतो. घाईनं बंद केली आणि पाय घसरला तर? तोवर शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचायचा तेवढाच माल श्वास थांबवू शकतो."

ती नवऱ्याकडे बघते. "मग राहू दे २ च."

तो कार्ड उचलून रांगेत जातो.

सुईनं नशा करणाऱ्यांना राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून हे उपचार मोफत मिळतात. सुई सुटली की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीचा धोकाही घटतो. तुमच्या घरात कुणी या गोळीवर असेल, तर ती कधी थांबवायची हे त्याला आणि डॉक्टरांना ठरवू द्या. तुम्ही त्याला रोज वेळेवर केंद्रावर पोचू द्या, आणि जमलं तर सोबत जा.